तांब्यातली ओर्सोला

माझी बायको ओर्सोला व्हेनिसच्या कास्तेल्लो भागात आमच्या दारात बसून काचेचे मणी ओवायची. सिओर, म्हणजे साहेब, ट्रेडवेल हा अमेरिकन चित्रकार वीस वर्षांपूर्वी इथे आला आणि इथलाच झाला. एका सकाळी तो मेणाचा थर दिलेला तांब्याचा पत्रा घेऊन तिच्यासमोर बसला आणि सुईने मेण खरवडत तिला उतरवलं. मग तेजाबाने रेघा तांब्यात खोल गेल्या. त्याच्या छापयंत्राचं चाक मी फिरवायचो.

पत्र्यावर सरळ काढलेलं कागदावर उलटं येतं. दुसरे चित्रकार मुद्दाम उलटं काढतात, सिओरला त्याचा कंटाळा. पहिला छाप बघून गल्लीतल्या बायका हसल्या.

"काय गं, डावरी कधी झालीस?" शेजारची झानेटा म्हणाली.

"उजवा हात आंझोलोच्या पाठीत घालायला राखून ठेवलाय," ओर्सोला माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

मला छाप आवडला नाही. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेला होता.

"मला तर अगदी मीच वाटते," ती म्हणाली.

"वाटणारच. तू स्वतःला आरशातच बघतेस."

फेब्रुवारीत ती तापाने गेली. पाच दिवसांत.

छाप तीसच काढायचे ठरले होते. तिसावा मी तिच्यानंतर काढला. आकडा पुरा झाला की पत्र्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोल रेघ मारतात, म्हणजे पुन्हा कोणी चोरून छापू नये. असे कितीतरी पत्रे मी स्वतः खोडलेत. तो कोपरा, हा कोपरा, आणि मधोमध तिचं तोंड.

सिओरने पोलादी सुई माझ्या हातातून काढून घेतली. "आज मी करतो. तू बाहेर जा."

"सिओर, मला छाप नको. पत्रा द्या. त्यात ती सरळ आहे."

"अरे, एकतिसावा छाप निघणार नाही असा तीस लोकांना शब्द दिलाय मी."

"मी छापणार नाही."

"तू नाहीच छापणार. पण तुझ्यामागे?"

खरं होतं. आम्हाला मूल नाही. पत्रा कोणाच्याही हाती लागला असता.

"मग खोडा," मी म्हणालो, "पण रेघ तोंडावरूनच गेली पाहिजे का?"

त्याने पत्रा उजेडाकडे फिरवला. "छापात रेघ दिसली म्हणजे झालं," म्हणाला आणि सुई परत माझ्या हातात दिली. "तूच मार."

चित्रातल्या दाराच्या चौकटीपासून मी रेघ खाली आणली, मण्यांच्या परडीवरून आणि गुडघ्यावरून. मधे तिचे हात येत होते. ते चुकवले असते तर रेघ तोकडी पडली असती. मी ते चुकवले नाहीत.

पत्रा आता घरी खिडकीपाशी असतो. सरळ धरला तर काही दिसत नाही, जरा तिरपा करावा लागतो. दर शनिवारी तेलाने पुसतो, नाहीतर तांबं हिरवं पडतं. तीळ डाव्या गालावर आहे.