कोरडी मोटर

मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘उस्ताद’ म्हणायची. थोरली बहीण तेवढी त्याला ‘बाळ्या’ म्हणे. तिची स्वतःची होडी होती. रोज सकाळी ती कामावर जाणाऱ्या लोकांना खाडीपलीकडे सोडायची.

होडीची मोटर चालू व्हायला कुरकुर करू लागली, तेव्हा ताईने ती काढून उस्तादच्या गॅरेजबाहेर लाकडी घोडीवर टांगली.

“प्लग बघ. पण पाणी लावल्याशिवाय चालू करू नकोस,” ती म्हणाली. तिने रबराच्या दोन वाट्यांचा चिमटा त्याच्या हातात दिला. “पाणी ओढायच्या जाळ्यांवर या बसव, नळी जोड, नळ सोड, मग स्टार्ट कर. न्यूट्रलमध्ये. पंख्याजवळ कोणाला उभं करू नकोस. आणि मागून पाण्याची पिचकारी येत नसेल तर लगेच बंद.”

“ताई, मला इंजिन शिकवतेस?”

“हे इंजिन पाण्याने गार होतं, बाळ्या. वाऱ्याने नाही.” एवढं सांगून ती बाजारात गेली.

उस्तादने प्लग साफ केला. नळी शेजाऱ्यांच्या बागेत होती. समोर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यातलं एक म्हणालं, “काय उस्ताद, होडीची मोटर जमेना वाटतं?” झालं. त्याने दोरी खेचली. मोटर पहिल्याच झटक्यात गुरगुरली. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या, तसा त्याने आणखी जोर दिला. थोड्या वेळाने रबर जळल्याचा वास आला. त्याने घाईघाईने मोटर बंद केली आणि जणू काहीच झालं नाही अशा थाटात हात पुसले.

“पाणी लावलं होतंस ना?” ताईने परत आल्यावर विचारलं.

“म्हणजे काय!” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावर चहा पीत उभा होता. ताईची होडी निघाली. मोटरीची पिचकारी बारीक होती, पण येत होती. मध्यावर पोचल्यावर ती आटली, मोटरीने तापल्याची शिटी वाजवली आणि ताईने ती तत्काळ बंद केली. होडी प्रवाहाबरोबर आडवी वाहायला लागली. कुणीतरी किंचाळलं. उस्तादच्या हातातला चहा तसाच राहिला. शेवटी दुसऱ्या होडीने दोर टाकून सगळ्यांना ओढत परत आणलं.

धक्क्यावर उतरताना एक नर्सबाई चिडून म्हणाल्या, “मोटरीतलं कळत नसेल तर माणसांच्या जिवाशी खेळू नये हो!”

“माझी चूक. निघण्याआधी नीट बघायला हवं होतं,” ताई म्हणाली आणि मान खाली घालून दोर गुंडाळू लागली.

उस्ताद चार पावलांवर होता. तो पुढे झाला नाही. कुणी आपल्याकडे बघत नाहीये याचं त्याला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे कळल्यावर तो आतून आक्रसला.

दुपारी ताईने मोटरीचा खालचा भाग खोलला. पाणी ओढणारी रबराची चक्री निघाली. तिची अर्धी पाती झडली होती, उरलेली जळून चिकटली होती. ताईने ती तळहातावर धरली.

“कोरडी चालवली होतीस.” तिने विचारलं नाही, सांगितलं.

“हो.” त्याची नजर जमिनीवर होती. “लोक बघत होते. आणि सकाळी... ताई, मी तिथेच होतो गं.”

“मी पाहिलं तुला.”

हे त्याला माहीत नव्हतं. त्याचे कान तापले. “मला माफ कर.”

“मला कशाला सांगतोस? माझी होडी चालते ती लोकांच्या विश्वासावर. त्यांना सांग.”

नवी चक्री बसल्यावर उस्ताद सकाळीच धक्क्यावर गेला. माणसं जमली होती. बोलायचं पाठ केलेलं सगळं तो विसरला.

“परवा होडी बंद पडली ती माझ्यामुळे. मी मोटर पाण्याशिवाय चालवली आणि ताईशी खोटं बोललो. तिची चूक नव्हती.”

मग मागून आवाज आला, “माझी स्कूटर कालच टाकलीय तुझ्याकडे. ऑइल तरी घातलंस का रे?” सगळे हसले. उस्तादला हसता येईना.

नर्सबाई हसल्या नाहीत. त्या ताईजवळ गेल्या, “मी त्या दिवशी फार बोलले,” म्हणाल्या आणि होडीत बसल्या. जमलेल्यांपैकी दोघेजण मात्र दुसऱ्या होडीकडे वळले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिने हाक मारली नाही.

“तूही चल,” ती भावाला म्हणाली. “आज गर्दी कमी आहे.”

तो सगळ्यांसमोरच्या फळीवर बसला, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.