लूपवरची स्वच्छतागृहं

संग्रहालयाच्या विस्ताराचा आराखडा मंजुरीला जायचा होता त्या आठवड्यात माझ्या पायाला भिंगरी लागली होती. भाजी चिरता चिरता मी उठायचे आणि घरच्याच पायरीची उंची मापून यायचे. झोपायला गेले की नवा उतार, नवं उपाहारगृह, बायकांची स्वच्छतागृहं, सगळं डोळ्यांसमोर फेर धरायचं. आमचे हे म्हणायचे, "अगं, बस जरा, तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते." पण बसणार कोण?

आमचं संग्रहालय जुन्या रेल्वेगाड्यांचं. बंद पडलेल्या स्टेशनाचं यार्ड आम्ही हौशी माणसांनी मिळून सांभाळलंय. हे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. दर रविवारी वाफेचं इंजिन दोन डबे ओढत आवाराच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि परत येतं. ते चालवायचे हे आणि कोळसा टाकायचा माझा धाकटा भाऊ. माणसं येतात ती या फेरीसाठीच. बाकीची इंजिनं उभीच असतात, त्यांच्यापुढे लोक फोटो काढतात आणि पुढे जातात.

माझ्याकडे होती प्रेक्षकांच्या सोयींची जबाबदारी. एवढ्या मोठ्या आवारात बायकांनी जायचं कुठे, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आले. ऑफिसमागे एक जागा आहे, तिची किल्ली कारकुनाकडे असते, आणि कारकून जेवायला गेला की किल्लीही जेवायला जाते. मग बायका मुलींना घेऊन मालगाडीच्या डब्यांमागे जातात. मला ते बघवत नाही. बैठकीत मी तोंड उघडलं की पुरुषमंडळी छताकडे बघायला लागत. तेव्हा या खेपेला माझी मागणी खरोखरच आराखड्यात उतरली, याचा आनंद मला किती झाला असेल, ते बाईमाणसालाच कळेल.

शनिवारी दुपारी आर्किटेक्ट पोरगी रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन आली. तिला सगळे चष्मेवाली म्हणतात, तीही 'ओ' देते. कागदावरची इमारत जमिनीवर आखून बघायची होती. ती टेप धरायची, मी फक्की ओतत मागे सरकायचे. इथे दार, इथे हात धुवायची जागा, इथे आईने बाळाला पाजायची खोली. मी खुशीत होते. कोपऱ्यावर वळले आणि पाय अडखळला. बघते तर फक्कीची रेघ थेट रुळांवरून पलीकडे गेलेली.

"हे काय गं?"

"लूप आहे ती, काकू. वापरात नाहीये ना."

"कोण म्हणालं?"

"काका म्हणाले. जागा दाखवायला तेच आले होते. म्हणाले, ही लूप गेली तरी चालेल, बिनधास्त बांधा."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. रेल्वेवाल्याच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर लूप म्हणजे काय ते मला न सांगता कळतं. गाडी टोकाला पोचली की इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळावरून डब्यांना वळसा घालून दुसऱ्या तोंडाला आणून जोडायचं, तेव्हा कुठे गाडी परत फिरते. माणसं बसलेले डबे मागून ढकलत आणायला परवानगी नाही. लूप गेली म्हणजे गाडी गेली. आणि हे सांगणारे कोण, तर जे रविवारी सकाळी चहासुद्धा उभ्याने पितात ते आमचे हे!

घरी आल्यावर मी आडून आडून विचारलं. "आज आखणी केली बरं का. लूपवर आली इमारत."

"हं," हे म्हणाले. वर्तमानपत्र तोंडापुढे धरलेलं.

"मग गाडीचं काय?"

"तुला बाथरूम हवी होती ना? होतेय ना? मग झालं तर."

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले आणि मला भडभडून आलं. हा माणूस माझ्यासाठी आपलं इंजिन सोडायला निघाला होता, आणि तेही एका शब्दाने न बोलता! लग्नाला इतकी वर्षं झाली, एक साडीसुद्धा आपणहून आणली नाही यांनी, आणि आता हे! मला रागही येत होता आणि माया तर उतू चालली होती. मनाशी ठरवलं, सोमवारच्या बैठकीत मीच आराखडा मागे घेईन. माझी स्वच्छतागृहं गेली खड्ड्यात.

हे सोडायला निघालेत ते एकदा जवळून बघावं म्हणून रविवारी मी हट्टाने इंजिनावर चढले. हे म्हणाले, "कोळशाने साडी खराब होईल." धाकटा म्हणाला, "ताई, डब्यात बस ना, इथे भाजून निघशील." दोघांचा सूर एकच लागलेला बघून मला नवल वाटलं. एरवी मेव्हण्या-दाजींचं एका वाक्यावर एकमत होत नाही.

यांच्या कामाची एक पद्धत आहे. सिग्नलचा हात वर आहे की खाली, म्हणजे थांबायचं की जायचं, ते ड्रायव्हरने मोठ्याने ओरडून सांगायचं, मग फायरमनने, म्हणजे कोळसा टाकणाऱ्याने, स्वतः बघून तेच परत म्हणायचं. दोघांनीही पाहिलंय, याची खात्री. आधी ड्रायव्हर, मग फायरमन. फाटकाशी उभी राहून मी हे इतक्यांदा ऐकलंय की माझ्या अंगवळणी पडलंय.

गाडी निघाली. पहिला सिग्नल आला.

"हात खाली!" धाकटा ओरडला.

"हात खाली!" हे म्हणाले.

मला वाटलं, गडबडीत झालं असेल. पुढच्या सिग्नलला धाकट्याने फावडं बाजूला ठेवलं, मान बाहेर काढली आणि पुन्हा तोच आधी ओरडला. हे मागून म्हणाले, तेव्हा यांचं तोंड सिग्नलकडे नव्हतंच. मागच्या डब्यांतून लेकरांच्या किंकाळ्या येत होत्या, आनंदाच्या, आणि मला त्या ऐकवेनात.

टोकाला पोचलो. धाकटा इंजिन सोडवायला खाली उतरला तशी मी विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"काय दिसत नाही?"

"अहो, मला वेड्यात काढू नका. आधी तो ओरडतो, मग तुम्ही."

यांनी चिंधीला हात पुसले, पुसतच राहिले. "झाले बरेच महिने. कडेचं दिसतं, मधलंच जातं. डॉक्टर म्हणाले, हे चष्म्याचं काम नाही."

"डॉक्टरांकडे कोण आलं होतं बरोबर?"

यांनी खाली वाकलेल्या धाकट्याकडे मान केली. सख्खा भाऊ माझा, आणि माझ्याच घरात माझ्यापासून चोरून! तळपायाची आग मस्तकात गेली.

"डब्यांत लेकरं असतात, अहो!"

"त्याला दिसतं ना सगळं."

"आणि तो कोळसा टाकत असताना? सोडायचं होतं, सांगून मोकळं व्हायचं होतं!"

"सोडलं की दुसरा कुणीतरी इथे उभा राहणार," हे म्हणाले, "आणि मी तिकडे कुंपणापाशी पाहुण्यासारखा हात हलवणार. लूपच गेली, तर गाडीच बंद. मला कुणी उतरवलं असं होत नाही. कुणी दुसरा चालवतोय हे बघायलाही लागत नाही."

मला कळायला एक क्षण लागला. "म्हणजे तुम्ही माझ्या संडासांच्या आड लपलात?"

यांनी चिंधी खिशात कोंबली.

"आणि मी काल ओट्याशी उभी राहून तुमच्या त्यागापायी रडत होते!"

यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं होतं, ते माझा चेहरा बघून विरलं. तेवढं जवळचं दिसत होतं तर. मी खाली उतरले आणि डब्याडब्यापाशी जाऊन सांगितलं की आज गाडी इथवरच, सगळ्यांनी रुळांच्या कडेने चालत परत जायचं. लोक कुरकुरले. एका आजोबांनी मला चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. सगळी माणसं लांब गेल्यावर धाकट्याने रिकामी गाडी तिथेच ठेवून इंजिन एकट्याने रांगवत शेडमध्ये नेलं. यांनी पायी येणंच पसंत केलं, माझ्या बरेच मागून.

घरी मी यांना एवढंच म्हणाले, "उद्या तुम्ही सांगायचं. तुमचं गाऱ्हाणं मी मांडणार नाही."

सोमवारी सकाळी बैठक बसली. मला खुर्ची टोचत होती. चष्मेवालीने आराखडा भिंतीवर लावला, सगळ्यांनी वाहवा केली. बाळाला पाजायच्या खोलीचंसुद्धा कौतुक झालं. अध्यक्ष म्हणाले, "मग धरायचं ना एकमताने मंजूर?"

मी यांच्याकडे बघत होते, हे टेबलाकडे. खरं सांगते, त्या क्षणी मलाही मोह झाला. गप्प बसलं की झालं. माझी स्वच्छतागृहं उभी राहतील, यांची लाज झाकली जाईल, आणि गाडी? गाडी काय बोलणार आहे? मी पदर घट्ट धरला. पण स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही.

"आराखड्यात चूक आहे," मी म्हणाले. "इमारत लूपवर आलीये. गाडी फिरायचीच नाही."

अध्यक्षांनी चष्मेवालीकडे बघितलं. पोरगी लालबुंद झाली. "मी विचारलं होतं, सर. कदाचित... माझ्याच विचारण्यात चूक झाली असेल. नवीन आहे ना मी."

यांची खुर्ची करकरली. उभे राहिले.

"तिचं काही चुकलेलं नाही. लूपची गरज नाही असं मीच तिला सांगितलं. खोटं सांगितलं. मला सिग्नल दिसत नाहीत. बरेच महिने दिसत नाहीत, आणि तरी मी गाडी चालवत होतो."

धाकटा बुटांकडे बघत होता. अध्यक्ष भला माणूस, त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला, आपल्या खुर्चीपर्यंत गेले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"पण मग तर प्रश्नच मिटला की! ड्रायव्हर नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर लूप हवी कशाला? आराखडा आहे तसाच राहू दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यांना जे हवं होतं ते आयतं ताटात वाढून आलं होतं. मी यांच्याकडे बघितलं. माणूस पांढराफटक पडला होता. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"नाही," हे म्हणाले. आवाज चिरकला, पुन्हा म्हणाले, "नाही. इमारत पलीकडे, मालडबे तोलायच्या जुन्या वजनकाट्याच्या बाजूला सरकवा. धाकट्याला मी शिकवतो. इंजिनातला प्रत्येक दांडा मला डोळे मिटून सापडतो. पुढचं बघायला त्याचे डोळे धड आहेत. तो परीक्षा देऊन तयार होईपर्यंत गाडी शेडमधून काढू नका. पण लूप उखडू नका. हात जोडतो."

यांनी खरंच हात जोडले. यांना असं कुणापुढे मी कधी बघितलं नव्हतं.

चष्मेवाली हळूच म्हणाली, "सरकवता येईल. पण नवे नकाशे लागतील, सांडपाण्याची लाइन नव्याने टाकावी लागेल, परवानग्या पहिल्यापासून. वर्ष जाईल."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्ष! 'मुळीच नाही' हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"सरकवा," मी म्हणाले. "आणि तोवर ऑफिसमागची किल्ली माझ्याकडे द्या. आत्ताच्या आत्ता."

कारकुनाने किल्ली काढून दिली. कुणी छताकडे बघितलं नाही.

बैठक संपल्यावर आम्ही दोघं बसथांब्यावर येऊन उभे राहिलो. मी मनात वर्षभराचं गणित मांडत होते, सोडत होते, पुन्हा मांडत होते. लांबून बस येताना दिसली. हे पुढे झाले नाहीत. माझ्या बाजूला सरकून चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, नंबर काय आहे तिचा? मला वाचता येत नाही."

इतके महिने हा माणूस अंदाजाने बस पकडत होता. कधी भलत्याच रस्त्याला लागला असेल, उतरून पायी घरी आला असेल, आणि मी दारातच उशिरावरून तोंड सोडलं असेल. मला तिथेच रडू फुटलं. रडतच मी नंबर सांगितला.

"आपलीच आहे," म्हटलं, "चला," आणि यांच्या दंडाला धरलं. यांनी धरू दिलं.