उजव्या बाजूने चढणारी वसाहत

ही हकिगत एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची. मित्रांनो, मी एक जुना दगडी ओटा आहे. मला तीन पायऱ्या आहेत, पण त्या कुठल्याच घरात जात नाहीत. तिसरी पायरी संपली की घोड्याची पाठ लागते.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवून पागेच्या अंगणात बसवले. तेव्हा शहराची बस आमच्या अलीकडूनच परत फिरे. पुढे नुसते गवत होते. पागेच्या मालकांना सगळे आबा म्हणत. हळूहळू गवतावर बंगले उठले आणि बंगल्यांतली माणसे हौसेने घोड्यावर बसायला येऊ लागली. आबांचा नियम एकच. घोड्यावर चढायचे ते डाव्या बाजूनेच. त्यामुळे प्रत्येक घोडा डावी कूस माझ्याकडे करून उभा राही.

आबांच्या मागे त्यांच्या दोन मुलींनी पागा चालवली. थोरली शिकवायची. धाकटी घोड्यांचे दाणापाणी आणि खरारा बघायची.

त्या साली चिमणी बिघडली. नाव चिमणी असले तरी घोडी चांगली दांडगी होती, आणि इतकी गरीब, की नवशिक्यांना तीच देत. आता मात्र कुणी रिकिबीत पाय घातला की ती दचकून उसळे. आधी बंगल्यांतले एक डॉक्टर पडले, मग शाळेतल्या बाई पडल्या. वसाहतीत बोभाटा झाला. ज्यांना पागेचा वास नको होता, त्यांना आयते निमित्त मिळाले.

थोरलीने वीटभट्टीवाल्याशी बोलणे केले.

"ताई, भट्टीवर मरेल गं ती!"

"आणि इथं माणसं मरू देऊ? मस्ती चढलीय तिला. उद्या येतोय तो न्यायला."

"चिमणीला मस्ती? काहीतरीच तुझं!"

"तूच लाडावून ठेवलंयस. आता रडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने चिमणीला शेवटची रपेट म्हणून बाहेर काढले. नळासाठी अंगणात चर खणला होता, म्हणून तिला पलीकडून आणावे लागले. चिमणीची उजवी कूस माझ्याकडे आली. वळायला जागा नव्हती. धाकटी जरा घुटमळली आणि तशीच चढली.

चिमणी हललीसुद्धा नाही.

धाकटी उतरली, पुन्हा चढली. घोडी शांत. मग खाली येऊन तिने चिमणीच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

"ताई! अगं, आधी इकडे ये! हिला या डोळ्यानं दिसतच नाही!"

थोरलीने स्वतः हात हलवून पाहिला.

"आबांनी असं उलटं चढू दिलं नसतं," ती म्हणाली.

"आबांनी आधी डोळा बघितला असता, ताई."

इतक्यात भट्टीवाला फाटकात आला.

"दादा, घोडी द्यायची नाही," थोरली म्हणाली. "चहा घेऊन जा."

"माणसं पाडणारी घोडी ठेवून काय करणार, बाई?"

"चुकलं आमचंच. बसा."

पुढे नवशिके चिमणीवरच शिकत राहिले, आणि तेही उजव्या बाजूने. ती सवय अख्ख्या वसाहतीला लागली. दुसऱ्या पागेत आमचे लोक उलटे चढू लागले की तिथली माणसे पोट धरून हसत.

मित्रांनो, एखादे मुके जनावर बिघडले असे कुणी म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. त्याच्या जवळ जा, त्याला नीट पाहा.

डॉक्टर पुन्हा घोड्यावर बसायला शिकले. शाळेतल्या बाई काही परत चढल्या नाहीत, पण गाजरे घेऊन येत राहिल्या. भट्टीवाल्याने पुढे ट्रक घेतला. चिमणी म्हातारी होऊन याच अंगणात गेली. गुडघे थकल्यावर थोरलीने पागा बंद केली, आणि दोन वर्षांनी तीही गेली. जागेवर आता इमारत आहे. धाकटी तळमजल्यावर राहते. गाड्या लावायला अडचण होते म्हणून मला फोडायचा विषय इमारतीच्या दर सभेत निघतो. ती काठी टेकत जाते आणि नाही म्हणून येते.