कोबी, पेंड आणि मामाचं ज्ञान

माझ्या मामाने ‘मला माहीत नाही’ हे शब्द कधी उच्चारले असतील असं मला वाटत नाही. आधी तो पाण्याचे फिल्टर विकायचा. मग मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, दाढी वाढवली, आवाज खाली आणला आणि पशुपालनाचा मार्गदर्शक झाला. लोक त्याला सर म्हणू लागले. लोकांना तरी दुसरं काय काम.

बाबा गेल्यापासून आई आणि मी शेळ्या पाळतो. मामा हा आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, त्यामुळे त्याच्या बाबतीत तिची अक्कल कायम रजेवर. एक दिवस तो गोठ्यात आला आणि दोरीला टांगलेल्या विटेकडे बोट करून म्हणाला, “ताई, हे काय?”

“चाटायची वीट. मीठ असतं, क्षार असतात.”

“जंगलात हरणांना कोण विटा टांगतं?”

त्याने ती दोरीवरून तोडली आणि गटारात भिरकावली.

“जंगलात कोबीचे मळेही नसतात, मामा,” मी नंतर म्हणाले, कारण त्याने खुराक ठरवून दिला होता तो असा: भाजीबाजारातला कोबीचा पाला आणि तेलाच्या घाण्यावरची मोहरीची पेंड. बाकी काही नाही. शंभर टक्के नैसर्गिक. माझ्याकडे त्याने कीव आल्यासारखं पाहिलं.

शेळ्यांनी ताव मारला. अंगाने भरल्या. मामाने फोटो काढून जगभर पाठवले. फोटोत पुढे तो, मागे शेळ्या.

मग शेळ्या व्यायल्या. पहिलीची दोन्ही करडं मेलेली निघाली. अंगावर केस नाहीत, कातडी ओली आणि गुळगुळीत, गळ्याखाली लिंबाएवढ्या गाठी. दुसरीचं तेच. तिसरीचं एक जिवंत होतं, पण त्याला उभं राहता येईना, आचळ तोंडात धरता येईना. आईने त्याला चुलीशेजारी टोपलीत ठेवलं आणि बोटाने दूध पाजत बसली.

मामा तत्परतेने हजर झाला. “गाठी? दूध साठवायची पिशवी असते ती.” आईने मेलेलं करडू समोर धरल्यावर पिशवी रद्द झाली. हनुवटी खाजवून तो म्हणाला, “रक्तदोष. बोकड बदल.”

तो बोकड आईने बाटलीने वाढवलेला. ती बसली की तिच्या खांद्यावर मान टाकायचा. मी म्हटलं, “आई, आधी डॉक्टरांना विचारू.” मामा म्हणाला, “डॉक्टर सुई टोचण्यापलीकडे काय करणार?” दुसऱ्या दिवशी खाटीक गाडी घेऊन आला. बोकडाला ओढावं लागलं नाही. आई गाडीपाशी उभी होती म्हणून तो आपणहून चढला.

त्यानंतरही करडं तशीच निघत राहिली. मामाचं उत्तर तयार होतं. बोकड गेला, पण त्याचं रक्त शेळ्यांच्या पोटात आहेच ना. तेव्हा मी कुणाला न विचारता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

त्यांनी मेलेल्या करडाचा गळा चिरून पाहिला. “थायरॉईडची ग्रंथी सुजलीय. खायला काय घालता?”

मामाने अख्खं भाषण दिलं. बाई हात धूत ऐकत राहिल्या.

“कोबीत, मोहरीत अशी द्रव्यं असतात, जी ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, तिला आयोडीन घेऊ देत नाहीत. थोडं खाल्लं तर बिघडत नाही. तुम्ही दुसरं काहीच ठेवलं नाही, वर आयोडीन ज्या विटेतून मिळायचं ती फेकलीत. शेळी तग धरते. पोटातलं पिल्लू नाही धरत.”

“पण डॉक्टर, हे सगळं नैसर्गिक आहे.”

“हो. गाठही नैसर्गिकच आहे.”

आईने हळूच विचारलं, “आणि बोकड?”

“बोकडाचा काय संबंध?”

आई पेंडीच्या पोत्यावर बसली. रडली नाही. “ऐकलंस?” एवढंच ती भावाला म्हणाली.

“यांना औषध कंपन्या पढवतात, ताई,” तो म्हणाला.

त्याच रविवारी सभागृहात त्याचं शिबिर होतं आणि जाहिरातीत आमच्या शेळ्यांचा फोटो होता. आई म्हणाली, “मी येते.” मामा खूश झाला. बहीण वळणावर आली असं त्याला वाटलं.

आई व्यासपीठावर गेली ती टोपलीतलं करडू घेऊन. त्याची मान वर करून तिने गाठ दाखवली. काय खायला घातलं, किती मेली, निरपराध बोकड कसा गेला, सगळं न अडखळता सांगितलं.

पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उठला. “सर, ही बिनकेसांची जात कुठे मिळेल?”

आणि मामाने घसा खाकरला. “ही दुर्मीळ जात आहे…”

आईने माइक टेबलावर ठेवला आणि ती चालू लागली. मागून काही बायका बाहेर आल्या. पेंड किती घालायची, पाल्याबरोबर दुसरं काय द्यायचं, विचारत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं आई पायऱ्यांवर बसून समजावत होती. आत कर्ण्यावर मामा चालूच होता.

खुराक बदलला, औषध सुरू झालं. करडू वाचलं, त्याला केस आले. पुढच्या खेपेची पिल्लं धडधाकट निघाली. नवा बोकड गुणी आहे, पण आई त्याला लळा लावत नाही.

मामा अजून येतो. गोठ्यात त्याला बंदी आहे, ओसरीवर चहा मिळतो. हल्ली तो मासे पाळण्याबद्दल मार्गदर्शन करतो. आई कप संपेपर्यंत ऐकते आणि विचारते, “झालं? मला धारा काढायच्यात.”