हरभऱ्यातला तणमोर

लोणखेड्याचे हेमकांतआप्पा एसटीतून निवृत्त झाले आणि त्यांना पाखरांचा नाद लागला. त्यातही तणमोराचा. पावसाळ्यात हा काळाभोर पक्षी गवतातून उंच उड्या मारतो, डोक्यावरचे तुरे मिरवतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. मग काय, दर श्रावणात बायकोला, रूपालीकाकूंना, मोटारसायकलवर मागं बसवून आप्पा कुठल्या ना कुठल्या गवताळ माळावर जायचे. छत्रीखाली दोघं बसायची, डास फोडून काढायचे, डब्यातली भाकर सादळायची. तणमोर काही दिसत नव्हता. यंदा तर काकूंनी सांगूनच टाकलं होतं, "आते पुरे. तुम्ही एकलाच जा."

पौषातली गोष्ट. आप्पा शेतात हरभऱ्याला पाणी भरत होते. काकू भाजीसाठी घाटे तोडत होत्या. तोडता तोडता त्या एकदम थबकल्या.

"अहो, हळू या. तठे काय तरी बठेल शे."

आप्पा वाकत वाकत गेले. सरीत कोंबडीएवढं भुरकट पाखरू उभं होतं. मान लांब, पाय पिवळट, अंगावर काळ्या रेघा. त्यानं झाडावरची अळी अलगद टिपली. लावा म्हणावा तर एवढा उंच नसतो. तणमोर म्हणावा तर पाऊस सरला की तो इकडून जातो, आणि तोही हरभऱ्यात?

तेवढ्यात पाणी त्या सरीत शिरलं. पाखरू दचकलं, पंख अर्धवट उघडले आणि त्यात पांढराशुभ्र पट्टा चमकला.

"पंखात पांढरं, म्हणजे नर शे!" आप्पा पुटपुटले. "तणमोरच शे!"

पण पाणी वाढत होतं. आप्पा पाटाकडं धावले. चप्पल चिखलात रुतली, ती तिथंच सोडली, आणि फावड्यानं पाणी पलीकडं वळवलं. पाखरू दोन पावलं सरकलं आणि कोरड्यात बसलं.

"हाऊच का तो?" काकूंनी तोंडाला पदर लावला. "हाऊ तं कोंबडीच दिसस!"

"काळा पोशाख पावसाळापुरताच ऱ्हास त्याना," आप्पा हसत म्हणाले.

दोघं बांधावर बसली, ओले घाटे सोलत. आप्पांच्या खिशात मोबाईल होता, पण फोटो काढायचं सुचलंच नाही.

शेजारचा नवलसिंग मोटारसायकलवरून आला. "आप्पा, मधला तुकडा कोरडा कसा शे?"

"तठे पाव्हना बठेल शे."

नवलसिंगनं डोळे ताणले. त्याला काहीच दिसलं नाही. तरी त्यानं गाडी बंद केली आणि पार वळणापर्यंत ढकलत नेली.

ऊन उतरलं तसं पाखरू उठलं आणि पिकाला जवळजवळ घासत उडत गोमाई नदीच्या दिशेनं गेलं. आप्पा उरलेलं पाणी सोडायला गेले, तर वीज गेलेली.

"ऱ्हाऊ द्या. सकाय भरू," काकू म्हणाल्या.

घराकडं चालताना काकूंनी मान लांब करून, पाय उचलत त्या पाखराची चाल करून दाखवली. आप्पा वाटेतच पोट धरून खाली बसले.