बत्तीस पटीचा स्कोप

दुकानाच्या दारात खुर्ची ओढून चंद्रभानने बंदुकीवर बसवायचा स्कोप डोळ्याला लावला आणि रस्त्यापलीकडच्या गच्चीवरची पाण्याची टाकी शोधायला लागला. टाकी काही सापडेना. त्याचा उजवा हात थरथरत होता, आणि बत्तीस पटीच्या स्कोपमधून पाहताना हात जरासा हलला तरी अख्खी इमारत हलते. गोपाळराव मागे उभे राहून मनातल्या मनात म्हणत होते, कंटाळ बाबा, कंटाळ आणि ठेवून दे.

पण दुकानदार रोशन भला माणूस निघाला. त्याने वाळूची एक पिशवी स्टुलावर ठेवली आणि स्कोप त्यावर टेकवून दिला. पुढचं कडं फिरवून नजर पन्नास मीटरवर आणली. टेकवल्याबरोबर टाकी स्थिर झाली आणि चंद्रभानने तिच्यावरचा फोन नंबर खणखणीत वाचून दाखवला.

"आता तू पाह्य," तो म्हणाला.

"मले काय करायचं? घ्यायचा तुले हाये."

"पाह्य म्हटलं ना, गा. तुले दिसते का सांग."

गोपाळरावांनी पाहिलं. नंबर तर दिसलाच, खाली टाकीला गेलेली बारीक चीरही दिसली. "जरा अंधारं दिसते," ते म्हणाले.

मग त्यांनी नऊ पटीच्या स्कोपची बाजू घेतली, आणि काय काय नाही सांगितलं! हलका आहे, उजेड भरपूर, नागपूरच्या उन्हात मोठ्या स्कोपमधून नुसत्या लाटाच दिसतात, आणि आपल्या बावीस बोअरच्या बंदुकीला इतकी पट हवी कशाला. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. रोशननेही मान डोलावली. जपानी काचेचा स्कोप खिशाला परवडणारा नव्हता, आणि बत्तीस पटीतला जो परवडत होता त्याच्या कडा किंचित धूसर होत्या. चंद्रभानने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने एकच विचारलं, "नऊ पटीत निशाण्याच्या काळ्या गोलातलं गोळीचं भोक दिसते का?"

रोशन म्हणाला, "नाही काका. बावीसचं भोक केवढंसं, अन् तेही काळ्यात. त्याले चोवीसच्या वरच पाहिजे."

"मंग बत्तीसचा बांध."

इथेच गोपाळरावांचं घोडं अडलं होतं. ते भोक चंद्रभानला दिसू नये, एवढ्यासाठी सगळी वकिली चालली होती.

दोघे तीस वर्षांपासूनचे मित्र. एक वीज मंडळातून निवृत्त झालेला, दुसरा टेलिफोन खात्यातून. बंदुका एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच जातीच्या, दोन्हींवर तेच जुने चार पटीचे स्कोप. आठवड्यातून दोन सकाळी गोपाळराव बेसा भागातून निघायचे, प्रताप नगरातून चंद्रभानला गाडीत घ्यायचे आणि गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबवर जायचे. तिथे वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून पन्नास मीटरवरच्या कार्डावर पाच-पाच गोळ्या मारायच्या. दोन वर्षांपूर्वी चंद्रभानच्या हाताला कंप सुटला. धंतोलीतल्या डॉक्टरने कंपवाताचं नाव घेतलं, गोळ्या दिल्या. त्यानंतर तो रेंजवरच्या खडबडीत मातीत एकदा पडला, तेव्हापासून दोघांची कार्डं काढून आणायचं काम गोपाळरावांकडे आलं.

मागच्या होळीच्या आठवड्यात त्यांनी चंद्रभानचं कार्ड काढलं आणि त्यांना रडू आलं. एक गोळी पांढऱ्यात, दोन कार्डाच्या काठाला, बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे. शेजारच्या चौकटीत त्यांचं स्वतःचं कार्ड होतं, सगळ्या गोळ्या दहा-नऊच्या वर्तुळांत. क्लबात नाव कार्डाच्या मागे लिहायचं, तेही काढल्यावर. परत येता येता त्यांनी पेन काढलं आणि नावं उलटी लिहिली, आपल्या कार्डावर त्याचं, त्याच्या कार्डावर आपलं. बस्स, इतकंच केलं. एका दिवसापुरतं.

चंद्रभान किती दिवसांनी हसला त्या सकाळी! घरी जाऊन त्याने बायकोला कार्ड दाखवलं. इंदूबाईंनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि गोपाळरावांना चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, औषध लागू पडलं वाटते." आता यावर माणूस काय बोलणार? पुढच्या वेळीही नावं उलटीच लिहावी लागली. मग प्रत्येक वेळी.

इथवर ठीक होतं. पण दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाला, गोळी वाढवू. चंद्रभानने त्यालाच सुनावलं, काहून वाढवता, माझे तर दहा-दहा लागून राहिले. डॉक्टरने जोर केला नाही. त्या दिवसापासून गोपाळरावांची झोप उडाली. चंद्रभानची पावलं घसटायला लागली, शर्टाची बटणं इंदूबाई लावायला लागल्या, आणि गोपाळराव सांगतो-सांगतो करत राहिले. रोज ठरवायचे आणि रोज गिळायचे. भित्रेपणाच होता तो, दुसरं काही नाही.

आणि आता हा स्कोप.

दोन दिवसांनी सकाळी ते क्लबवर पोचले तेव्हा चौकीदार सोडून कुणी नव्हतं. चंद्रभानने खोकं टेबलावर ठेवलं. गोपाळराव त्याच्या बंदुकीकडे वळले, जुना स्कोप सोडवायला.

"तिच्यावर नाही," चंद्रभान म्हणाला. "तुझ्या बंदुकीवर चढव."

गोपाळरावांना कळेना.

"वर्षभर तुझी कार्डं पाहून राहिलो मी. लेका, तुझे डोळे गेले. तू सांगत नाही, मी विचारत नाही. क्लबात सारे म्हणतात गोपाळराव संपले. मले नाही पाहावत." त्याने थरथरत्या हाताने खोकं पुढे सरकवलं. "माझे हात आज आहेत, उद्या नाहीत. तू तरी मार."

गोपाळरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. आत्ता सांगावं, असं त्यांना आतून वाटलं. पण समोर तो चेहरा, देणाऱ्या माणसाचा. त्यांनी पाना उचलला आणि निमूटपणे स्कोप चढवला.

स्कोप जुळवण्यात दहा-बारा गोळ्या गेल्या. मग नवी कार्डं लावून आले, चंद्रभान तीन नंबरवर, ते चारवर. बसताना त्यांचा हिशोब काही बसेना. वाईट मारावं तर चंद्रभानच्या घरी वाईट कार्ड जाणार. चांगलं मारावं तर नावं उलटी लिहिल्यावर याला वाटणार, नव्या काचेनेही गोपाळचे डोळे सुधारले नाहीत. शेजारी चंद्रभानच्या बंदुकीचे बार ऐकू येत होते, मधे खूप खूप वेळ जाऊन. त्यांनी डोळा लावला. दहाचा ठिपका वाटीएवढा दिसत होता. नेमबाजाच्या बोटाला खोटं मारता येत नाही. पाचही गोळ्या ठिपक्यात आणि त्याच्या काठाला बसल्या.

ते बंदुकीचा बोल्ट उघडून उठतच होते, तर चंद्रभान म्हणाला, "थांब. पहिले मले पाहू दे."

"मी आणतो ना कार्डं."

"सरक."

तो काठी टेकत आला, त्यांच्या खुर्चीवर बसला. बंदूक पिशवीवर टेकलेली, चित्र स्थिर. क्षणभराने तो मोठ्याने हसला. "पाह्यलं? तीन तर एकमेकांत हायेत! मी म्हणत नव्हतो, नुसता स्कोपच पाहिजे होता तुले?" त्याने न पाहताच मागे हात करून गोपाळरावांच्या दंडावर थाप मारली. इतका आनंद त्याला स्वतःच्या कार्डांचाही कधी झाला नव्हता.

मग बंदुकीची नळी हळूच डावीकडे, तीन नंबरकडे सरकली. बोटभरच.

चंद्रभानने कडं थोडं फिरवलं, पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी डोळा काढला आणि समोरच्या मातीकडे पाहत विचारलं, "तीन नंबर माझंच ना?"

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या होळीपासून."

"डॉक्टर तवा गोळी वाढवतो म्हणत होता."

"माहीत हाये मले. मी त्या दिवशी तुझ्या बाजूलेच होतो."

चंद्रभानने शिव्या घातल्या असत्या तर गोपाळरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांना उघडं रडू आलं. चंद्रभानने त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौकीदार दूर नळावर बादली भरत होता.

"जा," तो शेवटी म्हणाला. "कार्डं घेऊन ये."

गोपाळराव गेले. परत येताना त्यांनी पेन काढलं नाही. दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली. चंद्रभानने स्वतःचं उचललं. एक भोक पांढऱ्यात, एक अगदी कोपऱ्यात. बाकी तीन गोळ्या कार्डाला लागल्याच नव्हत्या. त्याने ते बोटाने चाचपलं, दोनदा घडी चुकली, तिसऱ्यांदा जमली, मग खिशात घातलं.

"उद्या माझ्यासंगं धंतोलीले चल. हे डॉक्टरले दाखवतो."

"चलतो."

मग त्याने दुसरं कार्ड, पाचही गोळ्या आत असलेलं, पालथं करून गोपाळरावांपुढे सरकवलं.

"याच्यावर माझं नाव लिही."

गोपाळरावांचा हात पेनाकडे गेला नाही.

"इंदू फाटकात उभी राहते," चंद्रभान म्हणाला. "बाप्पा, तिले एवढ्यात नको. मी सांगीन कधीतरी."

गोपाळरावांनी पेन काढलं. नाव लिहून झालं तसं त्यांनी कार्ड उचललं, पण चंद्रभानने त्यावर हात ठेवला.

"तारीख बी टाक," तो म्हणाला. "ती पहिले तारीख पाहते."