आत्याबाईंचे वाकडे टाके

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दिसत नाही, हे अख्ख्या उमरग्याला माहीत आहे. फक्त त्यांना मान्य नाही. काचबिंदूनं एक डोळा गेलेलाच आहे आणि दुसऱ्यानं समोर माणूस उभा आहे की खुंटीला शर्ट टांगलाय, एवढंच कळतं. तरी माझ्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रंकेतनं सहा जुन्या इरकली साड्या काढून माझ्यापुढं टाकल्या.

"नातीची कौदी आपुन दोघी शिवू," म्हणाल्या. कौदी म्हणजे गोधडी. आत्याबाईंचं माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, त्यामुळं गोधडी हा शब्द त्यांच्या तोंडात इतक्या वर्षांत बसला नाही.

आमच्या घरची मुलगी सासरी जाताना घरच्या बायकांच्या हातची एक गोधडी नेते. ती रुखवतात मांडतात आणि मुलाकडच्या बायका उलटीपालटी करून बघतात. त्यात राजनंदिनीच्या होणाऱ्या सासूबाई सोलापुरात शिवणक्लास चालवतात. बोलणी करायला आल्या तेव्हा चहा पिता पिता त्यांची नजर आमच्या पडद्यांच्या शिवणीवर होती. मी तेव्हाच ठरवलं, गोधडीत एक टाका इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही.

आणि मदतीला कोण, तर आत्याबाई.

रोज सकाळी त्यांना दहा सुया ओवून द्यायच्या. एखाद्या दिवशी घाईत नऊ दिल्या, तर बोटांनी चाचपून म्हणायच्या, "एक कमी हाय." मग गोधडीच्या एका कडेला त्या बसायच्या, समोरच्या कडेला मी. माझा धावदोरा पट्टीनं आखल्यासारखा. त्यांचा काठापासून निघायचा आणि शेतातल्या पायवाटेसारखा जायचा, मधेच वळून, खाली उतरून, परत वर. एक टाका गव्हाएवढा, तर पुढचा बोटाच्या पेराएवढा. एकदा तर त्यांनी स्वतःचा पदरच गोधडीला शिवून टाकला. उठायला गेल्या तर गोधडीही बरोबर उठली. मी टाके कापून त्यांना सोडवलं. त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. लग्नाला बारा दिवस उरले होते.

"आत्याबाई, तुमी पडा जरा. म्या बघते इथलं," असं मी रोज म्हणायचे.

"पडून काय करू? पुढं पडायचंच हाय की."

ह्यांना सांगितलं. ह्यांचं हायवेला टायरचं दुकान, घरात येतात ते जेवायला. "आईला नको कसं म्हणू? तुझं तू बघ," म्हणाले आणि हात धुवायला उठले. लेकीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "आई, वाकडं असलं तरी चालतंय की." तिला चालतंय. विहीणबाईंसमोर मान खाली घालायची वेळ माझ्यावर येणार.

मग माझं मी बघितलं. दुपारी जेवून आत्याबाई आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या, की मी कात्री घ्यायची आणि त्यांची सगळी सकाळ उसवायची. दोरे कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबायचे आणि त्याच जागी सरळ ओळी घालायच्या. एका गोधडीचं काम मी दीडपट करत होते. मान आखडली, बोटं सोलली. वर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोधडीवर हात फिरवून विचारायच्या, "सरकली का गं फुडं?"

"सरकली की. चार बोटं."

त्या मान हलवायच्या आणि सुया मागायच्या. इतकी चिडचिड व्हायची, आणि ती कुणाला दाखवायची सोय नाही. खोटं बोलायचं, तेही गोड आवाजात.

बुधवारी लग्नाला पाच दिवस उरले. दुपारी त्यांनी सकाळी शिवलेली पट्टी उसवून झाली आणि तेवढ्यात मांडववाला आला, म्हणून ती भरायची राहून गेली.

गुरुवारी सकाळी मी सुयांची डबी पुढं केली. आत्याबाईंनी ती घेतली नाही. त्यांचा हात त्या रिकाम्या पट्टीवर होता.

"आजपास्नं तुजं तूच शीव, महेश्वरी."

"का? बरं न्हाय का?"

"कापडाची चाळण व्हायलीय. म्या शिवते, तू उसवतीस. एकाच जागी किती भोकं पाडायची? पोरीच्या नव्या संसाराला चाळण न्हाय धाडायची."

डबी माझ्या हातात तशीच राहिली. "तुमाला कधी कळलं?"

"पैल्याच दिशी. जाड सुईचं भोक बुजतंय व्हय? बोटाला लागतंय." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. "मला वाटलं, दोन-चार दिस उसवशील, मग कट्टाळून माज्या टाक्यांची एखादी वळ ऱ्हावू देशील. एक वळ बास हुती. पर तुजं बी बरुबर हाय. विहीणबाई बघणार."

भिंतीला धरून त्या उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन हायवेवरच्या ट्रकांचे आवाज ऐकत बसल्या.

इतके दिवस मी हेच मागत होते. ते मिळालं आणि मला स्वतःचाच संताप आला. मी सगळी गोधडी उलगडली आणि गुडघ्यांवर फिरून बघत सुटले. कुठंतरी एखादी ओळ माझ्या कात्रीतनं सुटली असेल. नव्हती सुटली. काम चोख केलं होतं मी. माझ्याच ओळी एकाखाली एक, विहीणबाईंना दाखवण्यासारख्या, आणि त्यात आजीचा एक टाका नव्हता.

बुधवारची पट्टी तेवढी रिकामी होती. ती खिडकीशी ओढली तर जांभळ्या इरकलीवर भोकं स्पष्ट दिसत होती. मी सुई घेतली आणि पहिल्या भोकात घातली, दुसऱ्यातनं काढली. सरळ शिवणाऱ्या हाताला वाकडं शिवणं फार अवघड जातं. हात सारखा आपल्या वळणावर जायला बघायचा आणि मी त्याला ओढून भोकावर आणायचे. टाका कुठं लहान, कुठं भलताच मोठा. एका ओळीला तास गेला.

मग गोधडीचं ते टोक ओट्यावर नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बघा बरं."

त्यांनी बोट टेकवलं. बोट ओळीवरनं चाललं, वळलं, खाली उतरलं आणि थांबलं.

"हे असलं वाकडं कुणी घातलं?"

"म्या."

त्यांचं बोट पुन्हा पहिल्या टाक्यापासून निघालं.

"तुजी बी नजर गेली म्हण की," शेवटी म्हणाल्या. मग हात पुढं केला. "आण सुया. नऊ नको आणू, दहा आण."